तिकीट काढेल, तो हिरो ठरवेल!

अशोककुमार ते अहान पांडे. हिंदी सिनेमाचा हिरो नव्वद वर्षांत किती वेळा बदलला? आणि मुख्य म्हणजे त्याला बदललं कुणी?

१ ऑगस्ट २०२५. ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दोघांना विभागून. एक शाहरुख खान, ‘जवान’साठी. दुसरा विक्रांत मॅसी, ‘ट्वेल्थ फेल’साठी.

आठवा, त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर काय चाललं होतं. काही जण म्हणत होते, तीस वर्षांत एकही राष्ट्रीय पुरस्कार नाही, शेवटी मिळाला एकदाचा! काही जण म्हणत होते, खरा मानकरी एकटा विक्रांतच. भांडण रंगलं असेल, मीम्स आले असतील आणि दोन दिवसांत विषय संपलाही असेल.

पण जरा थांबा आणि या दोन हिरोंना शेजारी शेजारी उभं करून बघा. दोन्ही सिनेमे २०२३ चे. एकातला हिरो मुंबईची मेट्रो हायजॅक करतो, सरकारला वेठीला धरतो आणि जनतेला न्याय मिळवून देतो. दुसऱ्यातला हिरो चंबळच्या खोऱ्यातला, बारावीत नापास झालेला. दिल्लीत पिठाच्या गिरणीत राबून यूपीएससीचा अभ्यास करतो. (ज्या मनोजकुमार शर्मांवर तो सिनेमा बेतलाय, ते आपल्या महाराष्ट्र केडरचेच आयपीएस अधिकारी.) ‘जवान’ने जगभरात हजार कोटींचा टप्पा ओलांडला. ‘ट्वेल्थ फेल’ची कमाई त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती.

मग यातला आजचा हिरो कोणता?

उत्तर हवं असेल तर आधी पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघणं सोडा. तिकीटबारीवर कोण उभं आहे ते बघा. हिरो बदलला की आपण म्हणतो, जमाना बदलला. खरं तर त्याच्या आधी बारीवरची रांग बदललेली असते.

महिन्याच्या पगारावरचा हिरो

सुरुवात अगदी साधी आहे. १९३०च्या दशकात हिरो चक्क नोकरदार होता. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये अशोककुमार लॅबोरेटरीत काम करायचे. तिथून ते थेट कॅमेऱ्यासमोर आले. १९३६चा ‘अछूत कन्या’ गाजला, पण स्टार झाले तरी ते स्टुडिओचे पगारी नोकरच. आपल्या पुण्यात प्रभातचंही तेच. आज जिथे एफटीआयआय आहे, त्या आवारात दिग्दर्शकापासून नटापर्यंत सगळे कंपनीचे. देव आनंदचा पहिला सिनेमा ‘हम एक हैं’ (१९४६) प्रभातचाच.

त्या काळी लोक सिनेमाला जायचे ते बॅनरचं नाव बघून. ‘प्रभातचा सिनेमा’ म्हटलं की पुरेसं असायचं. नटाचं नाव दुय्यम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाजारात काळा पैसा खेळू लागला, नवे निर्माते आले आणि त्यांनी नटांना पगाराऐवजी एका सिनेमाचे घसघशीत पैसे देऊ केले. स्टुडिओ कोसळले. १९४३च्या ‘किस्मत’मध्ये अशोककुमारने पाकीटमार रंगवला आणि कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तो सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. लोक आता नटासाठी तिकीट काढत होते. स्टार नावाचा प्राणी जन्मला तो इथे.

एकच थेटर, तीन हिरो

स्वातंत्र्यानंतर दिलीपकुमार, राज कपूर आणि देव आनंद. हे त्रिकूट तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. एक मनातल्या मनात झुरणारा, एक फाटक्या कोटातला भाबडा आणि एक शहरी, टोपी तिरकी घालणारा. तिघांचे स्वभाव वेगळे, पण प्रेक्षक एकच होता.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तेव्हाचं थेटर म्हणजे एकच मोठा हॉल. खाली पुढे पिटातला प्रेक्षक, मागे स्टॉल, वर बाल्कनी. दर वेगळे, पण सिनेमा तोच, वेळ तीच. गिरणीतला कामगार आणि बँकेतला साहेब एकाच अंधारात बसायचे. निर्मात्याला दोघांचेही पैसे हवे असायचे. त्यामुळे हिरोला दोघांचंही व्हावं लागायचं. ‘श्री ४२०’मधला राज शिकलेला आहे आणि फुटपाथवरही झोपतो. ‘नया दौर’मधला शंकर टांगेवाला आहे, पण त्याची बाजू बाल्कनीलाही पटते.

रोमान्स ओसरला, राग आला

१९६९ मध्ये ‘आराधना’ आला आणि गिरगावात वाढलेल्या राजेश खन्नाने देश वेडा केला. पुढची दोन-तीन वर्षं त्याचे सिनेमे एकामागून एक हिट होत गेले. मुलींनी रक्ताने पत्रं लिहिल्याचे किस्से आजही सांगितले जातात. ‘सुपरस्टार’ हा शब्द त्याच्यामुळेच घराघरात पोचला.

आणि तरीही १९७३ पासून त्याची लाट ओसरू लागली. का? त्याचं हसू तेच होतं, किशोरकुमारचा आवाजही तोच होता. बदललं होतं ते बाहेरचं जग. महाराष्ट्राने बहात्तरचा दुष्काळ पाहिला होता. महागाई भडकली होती. १९७४ मध्ये रेल्वेचा मोठा संप झाला, १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी लागली. डिग्री घेऊन बेकार बसलेल्या पोरांना बागेत गाणारा हिरो बघवेना.

मे १९७३ मध्ये ‘जंजीर’ आला. त्याआधी अमिताभ बच्चनचे अनेक सिनेमे पडले होते आणि हा रोल मोठमोठ्या नटांनी नाकारला होता. सलीम-जावेदने लिहिलेला हा इन्स्पेक्टर हसत नव्हता, गात नव्हता. १९७५च्या जानेवारीत ‘दीवार’ आला. त्यातला विजय मुंबईच्या गोदीत हमाली करतो. धाकट्याने शिकावं म्हणून स्वतः शिकत नाही. मग गुन्हेगार होतो. पिटातल्या प्रेक्षकाला पहिल्यांदाच वाटलं की हा आपल्यासारखा नाही, हा आपणच आहे.

गंमत म्हणजे त्याच मुंबईत, त्याच वर्षांत आणखी एक हिरो चालत होता. बसच्या रांगेत उभा राहणारा, ऑफिसात बॉसला घाबरणारा, मुलीशी बोलताना घाम फुटणारा. अमोल पालेकर! ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘गोलमाल’. पालेकर स्वतः बँकेत नोकरी केलेले. विजय हा स्टॉलचा हिरो होता, तर पालेकर बाल्कनीचा. एकाच हॉलमधला प्रेक्षक दोन दिशांना बघायला लागला होता. भिंत अजून बांधली गेली नव्हती इतकंच.

बाल्कनी घरी बसली

१९८२. दिल्लीच्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला. पाठोपाठ व्हिडिओ. कॅसेट भाड्याने आणायची, शेजारीपाजारी जमवायचे आणि एका रात्रीत तीन-तीन सिनेमे बघायचे. तुमच्या आईबाबांना विचारा, डोळे चमकतील त्यांचे. मग ‘हम लोग’ आलं, ‘रामायण’ आलं. मध्यमवर्गाने थेटरकडे पाठ फिरवली.

त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातल्या बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसलीच नाही. ज्या प्रेक्षकाने विजयला डोक्यावर घेतलं, त्याच्या खिशात तिकिटाचे पैसे राहिले नाहीत. अमिताभ १९८४ मध्ये खासदार झाला, तीन वर्षांत राजीनामा देऊन परतला, १९८८ मध्ये ‘शहेनशाह’ केला. पण व्यवस्थेविरुद्ध लढणारा तो, संसदेत बसून आल्यावर पूर्वीसारखा खरा वाटेना.

ऐंशीच्या दशकातला बराच मारधाडपट आज बघवत नाही, त्याचं एक कारण हेच. तेव्हा थेटरात उरलेल्या प्रेक्षकालाच पुन्हा पुन्हा तेच विकलं जात होतं. तरी त्यातूनही मिथुन आला, विरारचा गोविंदा आला. कुठल्याही खानदानी बंगल्याशिवाय, नाचून-हसवून स्टॉल भरवणारे.

नापास झाला, तरी पप्पा खूश

आता खानांकडे येऊ. आमिर (‘कयामत से कयामत तक’, १९८८), सलमान (‘मैने प्यार किया’, १९८९), शाहरुख (‘दीवाना’, १९९२). तिघांचाही जन्म १९६५ चा. शाहरुख तर दूरदर्शनच्या ‘फौजी’ मालिकेतून आलेला. म्हणजे प्रेक्षक ज्या टीव्हीमुळे घरी बसला, त्याच टीव्हीने पुढचा स्टार दिला.

१९९४ मध्ये ‘हम आपके है कौन’ आला. निर्मात्यांनी व्हिडिओ कॅसेट लगेच बाजारात आणली नाही, निवडक आणि नीटनेटक्या थेटरात सिनेमा लावला. लग्नाचा अल्बम बघावा तसा तो कुटुंबाने एकत्र पाहिला. बाल्कनी परत आली! आणि १९९५च्या दिवाळीत ‘डीडीएलजे’. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर ज्या घरांत पैसा येऊ लागला होता, त्यांना त्यांचा हिरो मिळाला. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये या सिनेमाने हजार आठवडे पूर्ण केले.

आता ‘दीवार’चा विजय आणि ‘डीडीएलजे’चा राज यांची तुलना करा. विजयला परिस्थितीने शिकू दिलं नाही. राज लंडनला राहतो, परीक्षेत नापास होतो आणि त्याचे वडील त्याचं कौतुक करतात! नापास होणं परवडणारा हिंदी सिनेमाचा हा हिरो. त्याला भूक नाही, बेकारी नाही, त्याचं भांडण सरकारशी नाही. त्याला फक्त मुलीच्या बापाचं मन जिंकायचंय. वाईट आहे का हे? मुळीच नाही. रागावलेल्या हिरोपेक्षा हा हिरो स्वयंपाकघरात बसून बायकांशी बोलतो, मुलीच्या इच्छेला मान देतो. मुलींना तो आवडला तो उगाच नव्हे. पण गोदीतला हमाल पडद्यावरून गेला तो गेलाच.

भिंत बांधली गेली

१९९७ मध्ये दिल्लीच्या साकेतमध्ये पीव्हीआरचं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं. २००० नंतर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी मल्टिप्लेक्सना करमणूक करात मोठी सूट दिली. एका हॉलचे चार-पाच झाले. छोटा हॉल भरायला थोडी माणसं पुरतात. म्हणजे सगळ्यांना आवडेल असा सिनेमा काढण्याची सक्तीच संपली.

फायदा झाला, आणि मोठा झाला. २००१ मध्ये ‘दिल चाहता है’ आला. पुढे ‘विकी डोनर’चा आयुष्मान, ‘लंचबॉक्स’चा इरफान, ‘न्यूटन’चा राजकुमार राव. टक्कल पडणारा, लाजणारा, सरकारी ड्युटी प्रामाणिकपणे करणारा हिरो शक्य झाला. ‘बाप गाजलेला नट नाही’ ही अडचण थोडी कमी झाली.

पण ज्याला मॉलच्या दारातून आत जायला संकोच वाटतो, त्या प्रेक्षकाचं काय? एकपडदा थिएटरं एकेक करून बंद पडली. तालुक्याच्या गावातलं ‘टॉकीज’ आज मंगल कार्यालय झालेलं असतं, नाहीतर नुसतीच पडकी भिंत. हा प्रेक्षक गेला कुठे? उत्तरेत तो भोजपुरी सिनेमाकडे गेला. बाकी सगळीकडे तो टीव्हीवर दुपारी लागणारे डब केलेले दाक्षिणात्य सिनेमे बघू लागला. तिथे हिरो अजूनही शेतात राबत होता, आईसाठी लढत होता आणि एका ठोशात दहा जण उडवत होता.

मुंबईच्या निर्मात्यांना हे उशिरा कळलं. ‘गजनी’ (२००८) देशात शंभर कोटींवर गेला, तो तमिळ सिनेमाचा रिमेक. ‘वाँटेड’ तेलुगूवरून. ‘सिंघम’ (२०११) तमिळवरून. आपण ज्याला अस्सल मराठमोळा इन्स्पेक्टर समजून शिट्ट्या मारल्या, तो बाजीराव सिंघम मूळचा दुराई सिंगम! म्हणजे हिंदी सिनेमाने स्वतः हाकलून दिलेला हिरो दक्षिणेतून उसना आणला.

पुढे उसनवारीचीही गरज उरली नाही. ‘बाहुबली’, ‘केजीएफ’, ‘पुष्पा’ थेट हिंदीत आले. त्यातही एक गंमत बघा. हिंदीतल्या प्रभासचा ‘बाहुबली’तला आवाज शरद केळकरचा आणि अल्लू अर्जुनच्या ‘पुष्पा’चा आवाज श्रेयस तळपदेचा. देह दक्षिणेतला, आवाज मराठी नटाचा, प्रेक्षक उत्तर भारतातला. आणि पुष्पा करतो काय? लाल चंदन तोडणारा मजूर. अर्धशतकापूर्वीचा गोदीतला विजय जंगलातून परत आला होता.

मोबाइलवरचा भाऊ, पडद्यावरचा बाहुबली

मग लॉकडाउन आला. सगळं मोबाइलवर आलं. ‘कोटा फॅक्टरी’चे जीतू भैय्या, ‘पंचायत’चे सचिवजी. नटाचं नाव जितेंद्र कुमार, पण तुम्ही त्याला भूमिकेच्या नावानेच ओळखता ना? तो तुमचा मोठा भाऊ वाटतो. त्याच्यासाठी कुणी कटआउटला दूध घालत नाही. तो रात्री दोन वाजता, एकट्याने, हेडफोन लावून बघायचा असतो.

त्याचा दुसरा परिणाम थिएटरवर झाला. साधी गोष्ट घरीच मिळत असेल, तर तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंगचे मिळून सात-आठशे रुपये कुणी का घालवावेत? लोक थिएटरात जातात ते फक्त काहीतरी प्रचंड बघायला. म्हणून तिथला हिरो मोठा, आणखी मोठा होत गेला. ‘पठाण’ आणि ‘जवान’ आले तेव्हा शाहरुख सत्तावन्न वर्षांचा होता. ‘गदर २’चा सनी देओल पासष्ट पार. ‘अ‍ॅनिमल’चा रणबीर, ‘छावा’चा विकी कौशल. सगळ्यांच्या हातात शस्त्र आहे. ‘सैयारा’तून २०२५ मध्ये अहान पांडेसारखा नवा चेहरा एका प्रेमकथेवर चालून गेला, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते यामुळेच.

थोडक्यात, पुरस्कारातले ते दोन हिरो हे दोन वेगळ्या पडद्यांचे आहेत. ‘जवान’ गर्दीत बघायचा. ‘ट्वेल्थ फेल’ थिएटरात तोंडी प्रसिद्धीवर टिकला खरा, पण घराघरात, हॉस्टेलवर आणि पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत पोचला तो मोबाइलमधून.

मग अडचण कुठे आहे?

अडचण रागात नाही. विजयही रागावला होता. अडचण आहे ती त्या रागाचं सिनेमा काय करतो यात.

‘दीवार’चा विजय शेवटी मरतो, आईच्या कुशीत. ‘बाजीगर’चा सूड घेणारा मरतो. ‘डर’मधला, मुलीचा पिच्छा पुरवणारा मरतो. या हिरोंवर लोकांनी जीव लावला, त्यांच्यासारखे केस ठेवले. पण सिनेमा त्यांना हिशेब चुकता करायला लावायचा. २०१९च्या ‘कबीर सिंग’मध्ये मात्र हिरो मुलीला थोबाडीत मारतो, दारू पिऊन ऑपरेशन करतो आणि शेवटी त्याला तीच मुलगी मिळते. तसा हिशेब इथे होत नाही. सिनेमा प्रचंड चालला.

का चालला? कारण तिकिटं काढली गेली. पहिल्या तीन दिवसांचे शो कोण भरतं? कट्ट्यावर बसून सीट बुक करणारे तुम्हीच. निर्माता दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा बघतो आणि पुढचा सिनेमा ठरवतो. आणि आता तर आपणच ते आकडे घेऊन भांडतो. पूर्वीचे फॅन हिरोचा कोट शिवून घ्यायचे, आपण त्याचं ‘फर्स्ट डे कलेक्शन’ पाठ करतो. निर्मात्याच्या फायद्यासाठी आपण का घसा कोरडा करायचा, सांगा ना!

सिनेमा बघून कुणी लगेच गुंड होत नाही, हे मान्य. आणि आवडलेला सिनेमा चोरून बघावा असंही कुणी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की तिकीट हे मत आहे. आपण कुणाला मत देतोय हे ठाऊक असावं.

आणि हेही लक्षात ठेवा की हे मत सगळ्यांना देता येत नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय सिनेमा दिवस म्हणून देशभरातल्या मल्टिप्लेक्समध्ये तिकीट ७५ रुपये केलं होतं. त्या दिवशी थिएटरं ओसंडून वाहिली. लोकांना सिनेमा नको झालाय असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. लोकांना सिनेमा हवाय, तिकीट परवडत नाही. आणि ज्यांना परवडत नाही, त्यांचा हिरो पडद्यावर येणार तरी कसा?

एक करून बघा. या रविवारी घरात तीन पिढ्यांना एकच प्रश्न विचारा. तुमचा हिरो कोण होता, कुठल्या थेटरात बघितला आणि तिकीट किती होतं? आजोबा कदाचित चार आणे, आठ आणे सांगतील. बाबा ब्लॅकने घेतलेल्या तिकिटाची गोष्ट सांगतील. आई सांगेल, तिला एकटीला थेटरात जायची परवानगीच नव्हती. प्रत्येकाच्या उत्तरात हिरोपेक्षा त्यांच्या स्वतःच्या तरुणपणाबद्दल जास्त काही सापडेल.

मग स्वतःला विचारा. वीस वर्षांनी तुम्हाला कुणी हाच प्रश्न विचारला, तर तुम्ही कुणाचं नाव सांगाल? आणि त्याच्यासाठी आपण तिकीट काढलं होतं, हे सांगताना मान वर असेल ना?